गुरुवारच्या पायऱ्या

"थांब रे पऱ्या, नाडी सुटली," दिग्या मागून म्हणाला आणि मी कपाळावर हात मारून घेतला. मोटारसायकल लावून दहा मिनिटंही झाली नव्हती. समोर कारवीच्या झुडपांवर कोंबडा नावाच्या सुळक्याचं टोक दिसत होतं, आणि हा भला माणूस धोंड्यावर पाय ठेवून बुटाशी खेळत बसला होता.

"हे बूट काय हुंड्यात आलेत का रे?" मी म्हणालो. "दर रविवारी चार वेळा नाडी सुटते."

"बस की जरा. पाणी पी. सुळका कुठे पळून चाललाय?"

मी बसलो. बसल्यावर बरं वाटायचं हे खरं, पण तेव्हा मला कुणी फाशी दिलं असतं तरी मी ते कबूल केलं नसतं. दिग्यानं पाण्याची बाटली पुढे केली, डोंगराकडे बघत दोन शीळा घातल्या, आणि मी उठलो तशी त्याची नाडीही बांधून झाली.

ही त्र्याण्णवच्या डिसेंबरातली गोष्ट. दिगंबर शेवाळे वीज कंपनीत लाईनमन होता आणि मी सातपूरच्या एका कारखान्यात फिटर. नाशिकच्या आसपासच्या सुळक्यांवर आम्ही दोघं एका दोराला बांधून घेऊन पंधरा वर्षं चढत होतो. त्यातलं मधलं एक वर्ष वाया गेलं होतं. तीन हिवाळ्यांपूर्वी माझ्या हातातला खडक निखळला आणि मी चाळीस फूट खाली आलो. दिग्यानं दोर सोडला नाही म्हणून वाचलो. त्याच्या दोन्ही तळव्यांची सालं दोराबरोबर गेली आणि माझ्या गुडघ्याची वाटी फुटली. आठ महिने मी पलंगावर होतो. डॉक्टरनी डोंगर विसरा म्हणून सांगितलं, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून दोन दिवस जेवलो नाही. दिग्या रोज संध्याकाळी यायचा आणि एकच वाक्य म्हणायचा, "हात शाबूत आहेत ना? मग झालं." आणि झालंही तसंच. पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा खडकावर होतो आणि खडकावर माझ्यात काडीचाही फरक पडलेला नव्हता.

फरक पडला होता तो दिग्यात. पूर्वी हाच माणूस शनिवारी रात्री एस्.टी. पकडून, पहाटे पाच-पाच तास जंगल तुडवून भिंतीखाली पोचायचा. आता त्याला अर्ध्या तासाच्या पलीकडचं काही चालेना. गाडी लावली की सुळका हवा. बारा-साडेबाराला परत घरी हवं, नाहीतर निर्मलावहिनी रागावतात. कुठून कुठून शोधून आणायचा तो हे जवळचे सुळके, देव जाणे. ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं असे रस्त्याकडेचे कातळ, घाटातल्या वळणावरची भिंत, पाझर तलावामागचा सुळका. सगळे चढायला झकास, हे मात्र मान्य करायला हवं. हिवाळ्याची सकाळ, थंडगार कोरडा खडक, दोन तासांचं काम आणि जेवायला घरी.

त्याची एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, वीज कंपनीचीच. तिच्यात प्रत्येक सुळक्याची वाट आणि वेळ टिपलेली असायची. आमच्या जुन्या मंडळींची पद्धत अशी, की पायथ्यापर्यंतची वेळ सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या घड्याळानं लिहायची, म्हणजे मागून येणारा कुणी फसत नाही. आमच्यात मागे दिग्याच असायचा. नाड्या बांधत, फोटो काढत, लघवीला थांबत. त्यामुळे वेळ त्याच्या घड्याळाची आणि थट्टा करायचा मान माझा. त्या दिवशीही कोंबड्याच्या पायथ्याशी पोचल्यावर मी विचारलं, "किती लिहू, म्हातारबा?"

"लिही पस्तीस," तो म्हणाला.

कोंबडा आम्ही दहापर्यंत चढून उतरलो. खाली येऊन थर्मासातला चहा ओतला आणि मी विषय काढला.

"काळभिंत."

"झालं तुझं सुरू," दिग्या दोराची गुंडाळी करत म्हणाला.

"पुण्याची पोरं जानेवारीत येतायत. मला पक्की बातमी आहे. पंधरा वर्षं आपण त्या भिंतीकडे बघतोय आणि पहिले चढणार ते."

"चढू देत. भिंतीला काय फरक पडतो?"

"मला पडतो."

काळभिंत ही बोरीच्या पाड्याच्या वर, दोन डोंगर ओलांडून. साडेतीनशे फुटांचा सरळसोट कडा, तोवर कुणीच न चढलेला. पलंगावर पडून असताना मी छतावर तीच बघायचो. दिग्याला हे ठाऊक होतं, कारण मी त्याला हजारदा सांगितलं होतं.

"एक हिवाळा थांब," तो म्हणाला. "पुढच्या डिसेंबरात जाऊ. एवढंच मागतो."

"एका वर्षात काय होणार आहे? भिंत काय उतरून गावात येणार आहे?"

तो हसला. "तसंच काहीतरी."

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी बोलू नये ते बोललो. म्हणालो, "तू भ्यायलास, दिग्या. मी पडलो आणि तू भ्यायलास. म्हणून हे रस्त्याकडेचे दगड शोधतोस आणि बायकोचं नाव पुढे करतोस. जमत नसेल तर सरळ सांग. मी दुसरा जोडीदार बघतो."

त्याचे हात थांबले. तळव्यांवर ते गुळगुळीत, गुलाबी वण होते, ज्यांनी मला जिवंत ठेवलं होतं. मी ते बघितले आणि तरीही माझे शब्द परत घेतले नाहीत.

"पुढच्या रविवारी साडेसहाला पाड्यात," तो दोर पिशवीत भरत म्हणाला. "पण एक वचन दे. भिंतीवर ऊन आलं, की परत फिरायचं. तिथे आग्या मोहोळ आहे. थंडीत माश्या गप पडून असतात, ऊन लागलं की उठतात."

"मोहोळ आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"असतंच. वचन दे."

दिलं. आपल्या बापाचं काय जातं वचन द्यायला.

परतीला त्याच्या घरी जेवलो. वहिनी भाकऱ्या टाकत होत्या आणि मी त्यांच्यापाशी तक्रार केली, की तुमच्या धाकानं आमचे डोंगर सुटले. त्या म्हणाल्या, "माझा धाक? भावोजी, रविवारी तुमच्याबरोबर असतात, पण गुरुवारच्या सुट्टीला तरी हे घरात दिसतात का, विचारा त्यांना. अंधारात जातात आणि संध्याकाळी मातीनं भरून येतात." दिग्या ताटात बघत म्हणाला, "लाईनचं काम असतं." मी वहिनींना डोळा मारला. म्हटलं, बाहेर काहीतरी भानगड दिसते. तिघंही हसलो.

रविवारी सव्वासहालाच आम्ही पाड्यातून निघालो. सगळं सामान दिग्याच्या पाठीवर होतं, माझ्याकडे फक्त दोर. पहिल्या ओढ्याशीच मागून आवाज आला, "पऱ्या, नाडी."

"आज नाडीबिडी काही नाही," मी मागे न वळता ओरडलो. "आज सुटली तर सुटू दे. भिंत गाठायचीय."

 मी पुढे आणि तो माझ्या दोन पावलं मागे. पहिला डोंगर चढताना माझा गुडघा गरम झाला. दुसऱ्याच्या चढाला तो इतका सुजला, की पँट घट्ट झाली. पण मागे फक्त त्याच्या बुटांचा आवाज होता, ना धाप ना खोकला, आणि त्या आवाजाचा मला राग येत होता. तो सारखा घड्याळ बघत होता. नऊ वाजले, दहा वाजले. शेवटी मी एका झाडाला धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "तुझ्यामुळे उशीर होतोय, दिग्या. इतकं ओझं कशाला आणलंस?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा भांडणार.

"हो रे," तो म्हणाला. "माझ्यामुळेच. दोर पण दे इकडे."

आणि मी दोर दिला. 

भिंतीखाली पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. अर्ध्या भिंतीवर ऊन उतरलं होतं. दिग्यानं वर, उजवीकडच्या खडकाच्या छताखाली बोट दाखवलं. तिथे परातीएवढं काळं पोळं लोंबत होतं.

"ऊन आलंय," तो म्हणाला. "चल परत."

"पोळं कुठल्या कुठे आहे. आपण डावीकडून जाऊ."

"पऱ्या, वचन दिलं होतंस."

"आता परत गेलो तर आयुष्यात येणार नाही इथे," मी म्हणालो. "तू नको चढूस. मी पुढे जातो."

मी उभा राहायला गेलो आणि गुडघा मुडपला. मी लगेच सावरलो, दगडावरून घसरलो असं दाखवलं. त्यानं ते पाहिलं होतं. लगेच दोराचं टोक त्यानं स्वतःच्या कमरेला बांधलं आणि दुसरी बाजू माझ्या हातात दिली. त्यानं मला पुढे चढू दिलं नाही. तेव्हा मला वाटलं, मी बोललो ते त्याला झोंबलं आणि आता तो मर्दानगी दाखवतोय.

पहिले साठ फूट तो सुरेख चढला. मग खडकाच्या एका खुंट्याला दोर अडकवून त्यानं मेख ठोकायला हातोडा काढला. पहिल्या चार घावांचा आवाज भिंतीवरून फिरून आला आणि छताखालचं ते काळं पोळं हललं.

त्याच्याभोवती माश्यांचा ढग झाला. तो ओरडला नाही, फक्त "सोड, खाली सोड" एवढं म्हणाला. मी दोर सोडत गेलो. मलाही दहा-वीस चावल्या असतील. खाली आला तसा मी त्याला झुडपात ओढला, अंगावर ताडपत्री घेतली आणि माश्या पांगेपर्यंत त्याला कवटाळून पडून राहिलो. ताडपत्री काढली तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. ओठ, पापण्या, कान, सगळं सुजलं होतं. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"मी माणसं आणतो," मी म्हणालो. मागच्या बाजूला एक घळ उतरत होती आणि तिच्या तळाशी ठाकरवाडीची कौलं दिसत होती. किती जवळ. मी तिकडे वळलो तर त्यानं माझा शर्ट पकडला.

"तिकडून नको," तो मोठ्या कष्टानं म्हणाला. "ती अजून झाली नाही. आलो तसाच जा."

काय झाली नाही, ते मला कळलं नाही. मी त्याला सावलीत टेकवून बसवलं, बाटली हातात दिली.

"सावकाश जा," तो म्हणाला. "पाय सांभाळ."

तीन वर्षांत माझ्या पायाचा उच्चार त्यानं पहिल्यांदा केला होता.

साडेबाराला मी निघालो. मनात हिशेब केला, सकाळी दिग्याच्या रेंगाळण्यामुळे पाच तास लागले. एकटा आहे, उतार आहे, तासाभरात पाड्यात पोचेन. धावायला लागलो आणि पंचवीस पावलांवर पडलो. उठून पुन्हा धावलो, पुन्हा पडलो. मग काठी तोडून घेतली. मग उतारावर बसून, ढुंगणानं सरकत उतरलो. आता मागे कुणी नव्हतं, नाडी सोडणारा, फोटो काढणारा, पाणी पी म्हणणारा. होतं फक्त माझ्या मनगटावरचं घड्याळ. दीड वाजला तेव्हा मी पहिल्या उताराच्या मध्यावरही नव्हतो. अडीच वाजले, तीन वाजले. दोन डोंगरांच्या मधल्या त्या माळावर, भर उन्हात, मला कळलं की आमच्यात हळू चालणारा कोण होता. मी रडत होतो आणि रडत रडत लंगडत होतो, आणि त्यानं वेग काही वाढत नव्हता.

पाड्यात पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. सोमा नावाचा एक ठाकर अंगणात पेंढा रचत होता. मी सांगितलं तसा तो आणखी तिघांना आणि एक घोंगडी घेऊन निघाला. मी उठायला लागलो तर म्हणाला, "तुमी बसा, दादा. तुमच्यानं व्हनार न्हाई." माझ्या तोंडावर हे सांगणारा तो पहिला माणूस.

चांगलाच अंधार पडला तेव्हा कंदिलाच्या उजेडात चौघं खाली आले. घोंगडीची झोळी होती आणि तिला हिसके बसत असूनही कुणी जपून पावलं टाकत नव्हतं. मी समजलो.

"अंग अजून ऊन हाय," सोमा म्हणाला. "आमी जायच्या थोडं आधी गेल्यात बगा." मग झोळी टेकवून त्यानं चेहऱ्यावरचं फडकं सारखं केलं. "ह्ये दादा तर वळखीचं, हातावरच्या वणांवरनं वळखलं. लाकडाला गेलं की दर गुरवारी दिसायचं मागल्या घळीत, पहार घेऊन. आमाला वाटायचं, खजिना खनत्यात."

तेराव्याला सगळी पांगल्यावर निर्मलावहिनींनी मला आत बोलावलं. मांडीवर दोन वर्षांची पोर झोपलेली. त्यांनी ती वही माझ्यापुढे ठेवली.

"मी वाचली," त्या म्हणाल्या. "तुम्ही पण वाचा. मला तुमच्यावर राग धरायचाय, भावोजी, पण ही वाचल्यावर तोही धड धरता येत नाही. त्यांचा किती जीव होता तुमच्यावर."

पुढची पानं मला माहीत होती, माझ्याच अक्षरातली. मागून उलट्या बाजूनं त्यानं वेगळी नोंद ठेवली होती. कोंबडा: मी नऊ मिनिटं, पऱ्या पस्तीस. घाटाची भिंत: मी सात, पऱ्या अठ्ठावीस. प्रत्येक सुळका त्यानं आधी एका गुरुवारी एकट्यानं जाऊन पाहिला होता. कुठे काटे तोडले, कुठे बसायला धोंडा आहे, कुठे नाडी सोडायची, सगळं लिहिलेलं. "चढाआधी थांबवावं. उतारावर फोटो. सांगायचं नाही, पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल."

शेवटची पानं काळभिंतीची होती. "पाड्याकडून मी १ तास ५०. पऱ्याला पाच तास. ऊन साडेदहाला, मोहोळ उजवीकडे. या वाटेनं त्याला न्यायचं नाही." आणि खाली: "मागे ठाकरवाडीकडून घळ आहे. सरळ चढ, त्याच्या गुडघ्याला जमणार नाही. दगड लावले तर तासाभरात पोचेल." मग तारखा, सगळे गुरुवार. आज अकरा पायऱ्या. आज सहा, मोठा धोंडा आडवा. आज पाऊस, काम नाही. आज चौदा. शेवटची नोंद आम्ही गेलो त्याच्या तीनच दिवस आधीची होती. "पुढच्या डिसेंबरापर्यंत होईल. पऱ्या ऐकत नाही. समोरूनच न्यावं लागणार."

मी वही मिटली. वहिनी पोरीला थोपटत होत्या. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि त्यांनी ते बाजूला केलं नाही.

पुण्याची पोरं जानेवारीत आली नाहीत. ती बातमीच खोटी होती.

पुढच्या डिसेंबरात, एका गुरुवारी, रजा टाकून मी ठाकरवाडीत उतरलो. घळीच्या तोंडाशी दगडांची छोटी लगोर होती, वाटेची खूण. तिथून वर पायऱ्या सुरू झाल्या. सपाट दगड, पहारीनं बसवलेले, खाली चिपा ठोकलेल्या, एकही हलत नव्हता. मी वाकून एका पायरीला वीत लावली. वीतभर. दुसरीला लावली, तीही वीतभर. माझा गुडघा किती वाकतो ते त्याला मिलिमीटरपर्यंत माहीत होतं. दर पंधरा-वीस पायऱ्यांवर एक रुंद दगड, बसायचा. मी प्रत्येकावर बसलो. पाणी प्यालो. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

वर काळभिंत दिसायला लागली. अगदी हाताशी. पहिल्या पायरीपासून बेचाळीस मिनिटं झाली होती आणि गुडघा गार होता. मग एका वळणावर पायऱ्या संपल्या. शेवटचा दगड अर्धाच बसवलेला होता, आणि शेजारी कारवीत गंज चढलेली पहार पडली होती. पुढे नुसता उभा, घसरडा मुरूम, भिंतीपर्यंत. दिग्याला तिथून दहा मिनिटं लागली असती.

मी वहिनींकडून मागून आणलेली वही काढली. काळभिंत, ठाकरवाडीकडून. सगळ्यांत हळू माणसाच्या घड्याळानं, बेचाळीस मिनिटं. पुढे कंसात लिहिलं, वाट अपुरी. पहार उचलून तो अर्धा दगड नीट बसवून घेतला, त्याच्यावर थोडा वेळ बसलो, आणि तिथूनच परत फिरलो.